जोडीचा तारा

चांगुणेच्या छातीत तारा उतरला तेव्हा ती हरभरे पाखडत होती. हरभऱ्याएवढाच होता. सुपातले दाणे उडून तिच्या चोळीला चिकटले, मांडणीवरच्या तांब्यांनी तिच्याकडं तोंडं फिरवली, आणि चुलीतला धूर वर न जाता तिच्याभोवती घिरट्या घालू लागला. तिनं दाणे झटकले. अख्ख्या भावकीला धाकात ठेवलेली बाई ती. एवढ्याशा ताऱ्यापुढं काय वाकणार?

तारा गरगर फिरत होता. छातीवर हात ठेवला की मधमाश्यांच्या मोहोळासारखा गुणगुणायचा. त्याचा उजेड डोळ्याला दिसायचा नाही, पण तिच्यासमोरून कुणी गेलं की पलीकडच्या भिंतीवर त्याची हाडं उमटायची. मांजराची उमटली. शेजारणीची उमटली.

"आतनं तरी सरळ हाईस की गं," चांगुणा शेजारणीला म्हणाली.

माळावरच्या वेधशाळेतून नीरजा नावाची बाई आली. तिनं ओट्यावर एक डबा ठेवला. तारा जसा फिरे तशी त्यातली सुई थरथरे.

"मावशी, हा न्यूट्रॉन तारा. मेलेल्या ताऱ्याचा गाभा. असे तारे जोडीदाराला ओढून खातात. खातील तसे जोरात फिरतात आणि एक्स-रे फेकतात. दवाखान्यात असतात ना, तेच."

"माझा जोडीदार त्यो काय बसलाय. त्याला खाऊन कुणाचं पोट भरायचं?"

कृष्णात, तिचा नवरा, उंबऱ्यापाशी तंबाखू मळत बसला होता. त्याच्या अंगठ्यातून कातलेल्या सुतासारखा एक धागा निघून थेट चांगुणेच्या छातीत जात होता. अंगठा अर्धा संपला होता.

"दुखतंय का?" नीरजानं विचारलं.

"न्हाई. तंबाखू तेवढी नीट मळंना झालीय."

"मावशी, यांना लांब पाठवा. नाहीतर उरायचे नाहीत."

चांगुणेचा जीव हलला, पण तोंडावर तिनं ते दिसू दिलं नाही. फडक्यात भाकरी-कांदा बांधला आणि त्याच्यापुढं टाकला. "नणंदेकडं ऱ्हावा जाऊन. हितं बसून माशा तरी कुठं मारताय?"

कृष्णातनं वहाणा घातल्या. "येतो."

"या," ती म्हणाली. घरातून बाहेर पडणाऱ्याला आणखी काय म्हणायचं? 'जा' म्हणायचं ते कावळ्याला, नाहीतर तिरडीवरच्याला.

तो वेशीकडं गेला आणि घरामागच्या परड्यातून आला.

"रस्ता वळला," तो म्हणाला. "येतो."

"या."

दर फेरीला रस्ता आखडत गेला. आधी गावाला वळसा, मग तुरीच्या पट्टीला, मग नुसता घराला. कृष्णात पळत नव्हता, तरी दारावरून लवकर लवकर जाऊ लागला. दर वेळी भिंतीवर त्याची हाडं उमटत, आधीपेक्षा कमी. हात गेले. फासळ्या विरळ झाल्या. चांगुणेच्या अंगात मात्र बळ भरलं. पांढरे केस मुळाशी काळे होऊ लागले. तिला त्यांची लाज वाटली. तिनं पदर कपाळावर ओढला.

"या म्हणू नका," नीरजा म्हणाली. "तुम्ही बोलावताय म्हणून ते परत येतात."

"मग काय म्हणू?"

नीरजानं सुईवरून नजर काढली नाही. "जा म्हणा."

"कुंकवाच्या धन्याला? जिभेला काय हाड हाय का तुझ्या, भवाने!"

"येतो," आवाज आला. पुढच्या आणि मागच्या दारातून एकदमच आला. भिंतीवर फक्त जबडा उमटला, तंबाखू चघळणारा.

चांगुणेनं ओठ घट्ट मिटले. पुढची फेरी चुलीला वळसा घालून गेली. त्यानंतरची तिचं मनगट आणि पाटली यांच्या मधून.

"येतो गं."

तिनं जन्मात पहिल्यांदा त्याला म्हटलं, "जा."

गुणगुण थांबली. सुई आडवी पडली. तांब्यांनी तोंडं परत फिरवली आणि चुलीचा धूर सरळ वर गेला. नीरजानं डबा हलवून पाहिला.

उंबऱ्याबाहेर कृष्णातच्या रिकाम्या वहाणा होत्या, घराकडं तोंड केलेल्या. डावी आधी आत आली, 'येतो' म्हणून गेलेल्या माणसासारखी.