विकायची नसलेली गादी

धाकटीचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कोणी मला भोळी समजणार नाही.

मामाच्या गाद्यांच्या दुकानात मी अकरा वर्षं उभी आहे. गिऱ्हाइकाची पाठ दुखते की मान, हे मी चालीवरून ओळखते. धाकटी, माझी सख्खी बहीण, आली गेल्या वर्षी, कुठलासा कोर्स करून. मामाला मूलबाळ नाही आणि त्याचे गुडघे गेलेले. त्याने जाहीर केलं, की महिनाअखेरीला दुकान दोघींतल्या एकीच्या हाती देणार, दुसरीने तिच्या हाताखाली काम करायचं. मी, आणि धाकटीच्या हाताखाली!

आमच्याकडे गादी झोपून बघायची पद्धत आहे. गिऱ्हाइकाने बूट काढून पाच मिनिटं आडवं व्हायचं, आम्ही बाजूला गप्प उभं राहायचं. पूर्वी दोनच गाद्या मांडलेल्या असत, एक साधी आणि एक तिच्या दुप्पट किमतीची. लोक साधी घेऊन जात. धाकटीने मामाच्या मागे लागून तिसरी मागवली, साधीच्या पाचपट किमतीची, आणि थेट दारात मांडली.

"ही विकायला नाही," ती म्हणाली. "आधी हिच्यावर झोपवायचं, किंमत सांगायची, मग मधलीवर न्यायचं. मधली आपोआप स्वस्त वाटते."

"पुस्तकी शहाणपण," मी म्हटलं. पण पंधरा दिवसांत मधल्या गाद्यांचा टेम्पो दोनदा मागवावा लागला. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला, "पोरगी भलती हुशार हो!" अकरा वर्षांत माझ्यासाठी त्याच्या तोंडून असा शब्द निघाला नव्हता. माझा नुसता जळफळाट झाला.

एका मंगळवारी धाकटी लेकाच्या शाळेत गेली होती. कमरेला पट्टा बांधलेले एक निवृत्त दंतवैद्य आले आणि दारातल्या गादीवर टेकले. मी ठरवलं, आज दाखवतेच. पाऊण तास मीच बोलत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खुर्चीशी वाकून उभे राहिलात, आता स्वतःच्या पाठीचं बघा, म्हटलं. त्यांनी ती गादी घेतली! मामाने पेढे मागवायचे तेवढे बाकी ठेवले.

धाकटी परत आली आणि रिकामी जागा बघून मटकन बसली. "ताई, ती विकायची नव्हती गं."

"विकायची नाही तर दुकानात कशाला ठेवायची?" मामा खो खो हसला. मीही हसले, अगदी मनापासून.

दुसऱ्या दिवशीपासून मधली हलेना. तिसऱ्या दिवशी एक नवरा-बायको आले. बायको मधलीवर आडवी झाली, तिला झोपच यायला लागली. नवऱ्याने किंमत ऐकली आणि म्हणाला, "ऊठ, आपण काय राजेरजवाडे आहोत?" त्यांनी साधी नेली. आदल्या आठवड्यात हीच किंमत लोकांना परवडत होती. गादी तीच, किंमत तीच, फक्त शेजारी महागडी नव्हती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धाकटीचं अक्षरन् अक्षर खरं होतं.

त्याच संध्याकाळी ती मामाला म्हणाली, "तशीच एक परत मागवू या."

मामाने माझ्याकडे बघितलं. "काय गं, तुला काय वाटतं?"

"कशाला?" मी म्हटलं. "उगाच जागा अडते. मधलीच चालत नाही, लोकांना आवडत नसेल."

धाकटीचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

महिनाअखेरीला मामाने किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. "जिने सगळ्यांत महाग गादी विकली तिचंच दुकान," तो म्हणाला. धाकटीने माझं अभिनंदन केलं, तेही हसून, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आली.

पुढचे तीन आठवडे फक्त साध्या गाद्या गेल्या. आता दुकान माझं होतं, आणि मंदीचं खापर फोडायला समोर कोणी उरलं नव्हतं. मी कंपनीला फोन केला. शनिवारी सकाळी टेम्पोवाल्याने पाचपट किमतीची गादी उतरवली.

"कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

"दारात," माझ्या तोंडून निघून गेलं. "मधलीच्या शेजारी, अगदी लागून."

धाकटी मधलीवरची चादर ताणत होती. तिचे हात थांबले.

"तुला कधी कळलं?"

काल कळलं, असं म्हणता आलं असतं. पण ती माझ्या डोळ्यांत बघत होती आणि लहानपणापासून मला तिच्यासमोर थाप मारता येत नाही. "ती गादी विकल्यावर, तिसऱ्या दिवशी," मी म्हटलं.

ती भांडेल असं वाटलं. भांडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, कदाचित रडलेही असते. तिने चादरीची सुरकुती काढली, टेबलावरची किमतीची पाटी उचलली आणि माझ्यासमोर धरली.

"ही कुठे लावायची, मॅडम?"