पौषातला राब

अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरी मला फारसं कुणी विचारत नसे. वडील कारखान्यात ऑफिसर, थोरला भाऊ वकील आणि मी लोकल बोर्डाच्या शाळेतला मास्तर. पण सोनिवलीत माझा थाट वेगळा होता. अख्ख्या गावात इंग्रजी वाचता येणारा मी एकटा. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात ना, त्यातलाच प्रकार; पण लंगड्या गाईला ते कोण सांगणार?

राहायला मी विठामावशीच्या पडवीत होतो. दोन वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्ली. गावात आलो त्याच दिवशी लोकांनी मला बजावलं होतं, "मास्तर, तिथं ऱ्हावा, जेवा. पन तिच्या चुलीतला इस्तू कुनाच्या घरी न्यायचा न्हाय."

इस्तू म्हणजे विस्तव. सोनिवलीत पहाटे ज्या घरची चूल आधी पेटेल तिथं शेजारणी हातात शेणी, म्हणजे गोवरी, घेऊन जायच्या आणि तिच्यावर निखारा मागून आणायच्या. काडेपेट्या घरोघरी होत्या. पण विस्तवाबरोबर दोन शब्द मिळायचे, कुणाचं पोर आजारी आहे, कुणाची गाय व्यायली, ते कळायचं. गावात सगळ्यांत आधी चूल पेटायची ती विठामावशीची. आणि दहा वर्षांत तिच्या दारात एकही बाई शेणी घेऊन आली नव्हती.

कारण दहा वर्षांपूर्वीचं होतं. बेचाळीसच्या चळवळीतली चार पोरं वरच्या डोंगरात लपून होती. तिघं परगावचे, चौथा हिरामण, आमच्या गावच्या कोंडाजीचा एकुलता एक मुलगा. त्रेचाळीसच्या पौषात एका सकाळी विठामावशीनं घरामागच्या वावरात राब पेटवला. भाताच्या रोपासाठी शेण आणि पाला पसरून जमीन भाजतात, तो राब. तो भाजायचा फाल्गुन-चैत्रात. पौषात, तोही ओल्या पाल्याचा राब पेटवणारी बाई एक तर वेडी असणार, नाहीतर मतलबी. त्याच दिवशी पोलिसांनी डोंगराला वेढा घातला. तिघं निसटले ते परत या बाजूला फिरकले नाहीत. हिरामण सापडला आणि वर्षाच्या आत तुरुंगात तापानं गेला. धूर करून विठानं पोलिसांना जागा दाखवली, असं गाव म्हणू लागलं. आगीवाचून धूर नाही, एवढं म्हटलं की लोक मोकळे होतात.

आणि मी? मी सुशिक्षित माणूस! मी म्हणायचो, जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे. पण दोन वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नाही की मावशी, तू पौषात राब का पेटवलास? खरं सांगायचं तर मनातून मलाही गावाचंच पटलेलं होतं.

त्रेपन्न सालच्या सव्वीस जानेवारीला गावात सिनेमा आणायचं ठरलं. उल्हासनगरच्या कँपातला जेठानंद तंबू, एक मशीन आणि वीज करणारं इंजिन घेऊन गावोगाव खेळ लावायचा. देशभक्तीची हिंदी चित्रं त्या दिवसासाठी शहरवाल्यांनी आधीच उचलली होती. त्याच्या हाती लागलं ते आयर्लंडच्या एका क्रांतिकारक पुढाऱ्यावरचं जुनं इंग्रजी चित्र.

"मास्टरजी, आजादी का ही पिक्चर है," तो मला म्हणाला. "इंग्लिश है तो क्या हुआ? तुमी माईक पकडा, मराठीत बोलत जावा. पब्लिक एकदम खूश!"

मी एका पायावर तयार झालो. माईक हातात धरायला मिळणार म्हटल्यावर मला आयर्लंडच काय, कुठलाही देश चालला असता.

बदलापूर स्टेशनवरून रिळांचे डबे बैलगाडीतून येत होते. नदीच्या उतारावर गाडी कलंडली आणि दहाच्या दहा डबे पाण्यात पडले. झाकणं घट्ट होती म्हणून फिल्म वाचली, पण डब्यांवर चिकटवलेल्या नंबरांच्या चिठ्ठ्या वाहून गेल्या. प्रिंट इतकी जुनी की रिळांच्या सुरुवातीच्या नंबरवाल्या पट्ट्या केव्हाच तुटून गेलेल्या. जेठानंदनं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "त्यात काय? मी लावून देतो."

दुपारभर मी एकेक रीळ थोडं थोडं उलगडून उन्हाकडे धरून बघत बसलो. पुढाऱ्याचं नाव डोनल. शाळकरी डोनल पहिल्या रिळात, तुरुंगातला डोनल तिसऱ्यात, हजारोंच्या गर्दीपुढं बोलणारा डोनल शेवटी. सगळं जमत गेलं. फक्त दोन रिळांपाशी अडलो. एकात एक शेतकरीण घरामागं धूर करत होती. दुसऱ्यात शिपायांच्या लॉऱ्या तिच्या गावात शिरत होत्या. आधी कोणतं? क्षणभरही विचार न करता मी ठरवलं, धूर आधी, शिपाई मग. डब्यांवर खडूनं सहा आणि सात असे आकडे घातले आणि चहा मागवला.

दिवेलागणीला तंबू भरला. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. कोंडाजी पहिल्या रांगेत, गावातल्या एकुलत्या एक खुर्चीवर. सकाळी झेंडाही हिरामणचा बाप म्हणून त्यानंच चढवला होता. विठामावशी बायकांच्या मागं कनातीला टेकून बसली होती. तिच्या भोवती चार बायका सहज बसतील एवढी जागा मोकळी होती.

पहिल्या पाच रिळांत मी तंबू जिंकला. माझा आवाज असा लागला की काय सांगू! डोनल धुक्यातल्या डोंगरात लपला तेव्हा कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्ये तर आपलंच डोंगर हायत!" ती शेतकरीण टोपलीत पाव झाकून त्याला पोचवायला निघाली तेव्हा बायका हळहळल्या, "बिचारी, येकटीच जातेय बग."

मग सहावं रीळ लागलं. शेतकरीण घरामागं ओलं गवत पेटवत होती. काळा लोट आभाळात चढला. मी माईक तोंडाजवळ घेतला. "पाहा मंडळी! ज्या हातांनी भाकर दिली त्याच हातांनी घात केला! धूर करून शिपायांना बोलावतेय ही कैदाशीण!"

तंबूत शिव्यांचा भडिमार झाला. एक वहाण पडद्यावर जाऊन आदळली. आणि मागून आवाज आला, "आपल्या गावात बी हाय की येक धूरवाली!" सगळ्या माना वळल्या. विठामावशी पदर तोंडाशी धरून पडद्याकडेच बघत होती.

रीळ बदललं, सातवं सुरू झालं. लॉऱ्या पुलावरून खडखडत आल्या. शेतकरीण घरात पीठ मळत होती. खिडकीतून तिनं लॉऱ्या पाहिल्या आणि कोपरापर्यंत पिठानं भरलेले हात घेऊन तशीच मागच्या दारानं पळाली. रीळ तिथंच संपलं.

कोपरापर्यंत पिठाचे हात. मी माईक खाली घेतला. मघाशी धूर करताना त्या बाईचे हात असेच पांढरे होते. ते मी पाहिलं होतं आणि राख समजून सोडून दिलं होतं. म्हणजे शिपाई आधी आले होते. धूर मागाहून झाला. ती कुणाला बोलावत नव्हती, डोंगरातल्या माणसांना ती सांगत होती की खाली उतरू नका.

जेठानंदनं आठवं रीळ हातात घेतलं होतं. मी गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. मास्तराची अब्रू राहिली असती. पण मला कनातीजवळची ती मोकळी जागा दिसत होती. रिळं उन्हात धरून बघताना मी 'धूर आधी' कशाच्या जोरावर ठरवलं, ते मला आता कळलं. गावानं जे सांगितलं तेच मी डब्यांवर खडूनं लिहिलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मंडळी, थांबा," मी माईकवर म्हणालो. "माझी चूक झाली. नंबरांच्या चिठ्ठ्या नदीत गेल्या, क्रम मी लावला आणि उलटा लावला. मी तुम्हांला खोटं सांगितलं. ती दोन रिळं पुन्हा बघा, आधी लॉऱ्या, मग धूर. या वेळी मी एक शब्दही बोलणार नाही."

गलका झाला. जेठानंद माझ्या कानाशी लागला, "अरे साईं, पब्लिक गरम हो जायेगा!"

"होऊ दे. मी चुकलोय."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "सच्ची बात है? तो लगाते हैं," म्हणाला आणि मशीनकडं वळला.

तंबूत आता फक्त इंजिनाची धडधड होती. लॉऱ्या आल्या. पिठाचे हात घेऊन बाई पळाली. रीळ बदललं. त्याच हातांनी तिनं ओलं गवत पेटवलं, धूर वर चढला आणि कड्यावर डोनलनं तो पाहून सोबत्यांना मागं खेचलं. मघाशीही हे सगळं पडद्यावर होतंच, पण माझ्या बडबडीत ते कुणाला दिसलंच नव्हतं.

"आगं बया! तिनं तर वाचवलं त्यास्नी!" एक बाई म्हणाली.

तेवढ्यात कोंडाजी उठला. मशीनच्या झोतात त्याच्या पागोट्याची सावली पडद्यावर पडली. लोक "बसा, बसा" म्हणाले, पण तो बसला नाही. जेठानंदनं मशीन थांबवलं आणि बत्ती लावली.

"पोलीस पयले आले व्हते," कोंडाजी म्हणाला.

कुणाला काही समजेना. तो सावकाश लोकांकडं तोंड करून उभा राहिला. "त्या दिशी मी वालाच्या वावरात व्हतो. पोलीस नदीतनं वर येताना मी माज्या डोळ्यांनी पाह्यले. मंग धूर निघाला. विठाचा धूर मागनं निघाला."

"मंग बाबा, दहा वरसं..." कुणीतरी म्हणालं आणि थांबलं.

"पोरगा गेला माजा. कुनाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं व्हतं. गाव धूर पयला म्हनालं, मी न्हाय म्हनालो न्हाय. तिघं वाचले ते हिच्यापायी. आन मी हिचा इस्तू बंद केला."

विठामावशी कनातीजवळ उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण तंबू इतका शांत होता की तो शेवटपर्यंत पोचला. "म्या सांगितलं व्हतं तवाच. कुनी आयकलं न्हाय, आन पोर गेलेल्या बापाशी म्या काय भांडनार? हिरामन दिसत नव्हता म्हनून म्या आजून पाला टाकला, आजून टाकला. घरातला पेंढा बी टाकला. तो पल्याडच्या घळीत व्हता. त्याला न्हाय दिसला धूर, कोंडाजीदादा."

कोंडाजीनं पागोटं काढून हातात घेतलं आणि भर तंबूत तो रडला. बायकांमधून अंजनी उठली, हिरामणची बायको. कुणाकडं न बघता ती मागं गेली आणि विठामावशीचा हात धरून त्या मोकळ्या जागेत बसली. मग आणखी एक गेली, मग तिघी. पाहता पाहता जागा अशी भरली की कनात मागं फुगली.

आठवं रीळ लगेच लावायची सोय राहिली नाही. लोक ओरडू लागले, "वन्स मोर! धूर लावा, धूर!" जेठानंद हसत हसत ते रीळ पुन्हा गुंडाळू लागला. तिसऱ्यांदा धूर निघाला तेव्हा अख्खा तंबू उभा राहून टाळ्या वाजवत होता, शिट्ट्या मारत होता. डोनल शेवटी स्वातंत्र्याचं भाषण करायला उभा राहिला तेव्हा इंग्रजीत काय बोलला ते मी सांगितलंच नाही. गरजच नव्हती. सोनिवली "विठाबाई की जय" म्हणत होती आणि त्यात माझाही आवाज होता, माईकशिवाय.

सकाळी पडवीत मला अंगणातल्या पावलांनी जाग आली. विठामावशीची चूल नेहमीसारखी आधी पेटली होती. बाहेर कोंडाजी उभा होता, हातात शेणी घेऊन. विस्तव मागायला जाणं हे बायकांचं काम. सोनिवलीत कुठलाही पुरुष कधी कुणाच्या दारी शेणी घेऊन गेलेला नव्हता. कोंडाजी मात्र आला होता, आणि त्याच्या मागं अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत बायकांची रांग लागली होती, प्रत्येकीच्या हातात शेणी.

"विठा," तो म्हणाला, "इस्तू दे."

तिनं चिमट्यानं निखारा उचलला आणि त्याच्या शेणीवर ठेवला. फुंकर मारून तो नीट धरला की नाही ते पाहिलं. मग पुढची, मग तिच्या पुढची. कुणी म्हणालं माझ्या सुनेला दिवस गेलेत, कुणी विचारलं तुझी शेळी कशी आहे. दहा वर्षांच्या गप्पा त्या एका सकाळी चालल्या होत्या. मी पडवीत बसून ऐकत होतो. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

रांग संपली तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. विठामावशी चुलीपाशी वाकली, राख उकरली, पुन्हा उकरली. मग माझ्याकडं वळून लाजल्यासारखी हसली.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमच्याकडं काडेपेटी हाय का? माज्या चुलीत येक बी निखारा उरला न्हाय."