काच दिसता कामा नये

काच पुसण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. "काच दिसली की पुसणारा नापास," असं तो मेहुण्याला बजावायचा. दोघंही एका उंच इमारतीला दोरावर लटकून काचा पुसत आणि खाली आवारात त्याची बायको झाडलोट करायची. एकदा बडे साहेब तळमजल्याच्या काचेवर नाक आपटून बसले. ही आपल्या हाताला मिळालेली शाबासकीच, असं समजून हा गडी घरी आठवडाभर तेच सांगत होता. बायको मात्र हसली नव्हती.

एके दुपारी डबा खायला तो खाली उतरला, तर तिच्या सुपलीत केराऐवजी एक पाखरू होतं. मान मोडलेली, अंग अजून गरम.

"हे कुठून आलं?"

"वरून. तुमच्या काचेत त्यांना आभाळ दिसतं, येऊन आपटतात. रोजचंच आहे."

"आणि मला आज सांगतेस?"

"तुम्हाला आपल्या कामाचं एवढं कौतुक. कुठल्या तोंडानं सांगू?"

त्यानं डबा उघडलाच नाही. लाज वाटली, आणि उगाच तिचाच रागही आला. वर गेल्यावर कामात जीव लागेना. एक हात फडकं फिरवायचा, की लगेच मागे वळून आभाळाकडे बघायचा. लांबून काही उडत येताना दिसलं की फडकं हलवत ओरडायचा.

"दाजी, काच पुसताय की शेत राखताय?" मेहुणा म्हणाला.

शेवटी त्यानं साबणाची वडी घेतली आणि पुसलेल्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फराटे ओढले.

मुकादम गच्चीवरून ओरडला, "डोकं फिरलंय का? पूस ते!"

"साहेबांचं नाक आपटलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी काचेला पट्टी लावलीत ना? ही पाखरांची पट्टी."

"पूस, नाहीतर दोर सोड आणि घरी जा."

तो घरी गेला. फराटे मेहुण्यानं पुसले. करणार काय, चूल त्याच्याही घरी पेटायला हवी.

आता तो दिवसभर खोलीत येरझारा घालतो. संध्याकाळी बायको आली की दारातच विचारतो, "आज?"

ती बराच वेळ हात धूत राहते. "आज पण."

काल त्याला राहवलं नाही. "चांगलं पुसतो का गं तो?"

"डाग म्हणून दिसत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."