डावखुरीचा कालथा

मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून बोलतो. एरवी बडबड करायची सवय नाही. मी लाकडी कालथा. पाक ढवळतो. पस्तीस वर्षं तेच केलं आणि दुसरं काही करावंसं वाटलं नाही.

काम असलं की मी ठीक असतो. काम संपलं, मला धुऊन खुंटीला टांगलं, की जीव खालीवर होऊ लागतो. खिडकीतून वारा आला तरी वाटतं, कुणी उचलतंय. पण गेलं वर्षभर मी भर कढईतसुद्धा अस्वस्थ होतो. का, ते सांगतो.

माझा जन्म चिंचेच्या फांदीतला. एका सुताराने मला तासलं. त्याची मुलगी डावखुरी होती. माझं तोंड त्याने एका अंगाला उतरतं ठेवलं. डाव्या हाताने धरलं की ते कढईच्या बुडाला नेमकं टेकतं. "बाजारातले कालथे सगळ्यांचे," तो मुलीला म्हणाला. "हा तुझा." एवढंच बोलला. कामाचा माणूस होता.

मुलगी लग्न होऊन या घरात आली, तिच्याबरोबर मीही आलो. आता घरात ती थोरली. तिची जाऊ, म्हणजे दिराची बायको, ती धाकटी. धाकटीला येऊन बारा वर्षं झाली. दोघे भाऊ सकाळी कामावर गेले की स्वयंपाकघर या दोघींचं. जागा इतकी अरुंद, की एकीला वळायचं तर दुसरीला पोट आत घ्यावं लागतं. तिथेच दोघी तिळाच्या, दाण्यांच्या, भोपळ्याच्या बियांच्या वड्या करतात. बसथांब्याजवळच्या दुकानात त्यांचे डबे जातात.

धाकटीने पहिल्याच वर्षी मला उजव्या हातात धरलं होतं. मी लंगडलो. कडेला पाक करपला. थोरली हसली. "ठेव खाली. तो माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

खरं होतं ते. मला अभिमान वाटला. अजून वाटतो.

वडीचं काम सोपं दिसतं. नाही. तीळ भाजायचे, ते तडतडायला लागले की लगेच उतरवायचे. दाणे भाजून सालं चोळून काढायची. मग गुळाचा पाक. खरी परीक्षा तिथे. पाक कच्चा राहिला तर वडी चामट होते, दातांना चिकटते. पुढे गेला तर कडू. अधेमधे एक क्षण असतो, तो पकडायचा.

थोरली तो कानाने पकडते. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकते, त्याची गोळी होते, ती गोळी स्टीलच्या ताटलीत वरून टाकते. थप्प वाजलं तर पाक कच्चा. टण् वाजलं की झालं. लगेच गॅस बंद, लगेच तीळ आत. घड्याळ नाही, माप नाही. "कान शाबूत असला की पुरे," ती म्हणायची. या कामात तिने नाकावर माशी बसू दिली नाही.

गेल्या वर्षी मला पहिला धक्का बसला. तीळ तडतडत होते. थोरली शेजारी उभी होती, आणि उतरवत नव्हती. उलट वाकून आत बघत होती, वाट पाहत असल्यासारखी. धाकटी बाहेरून धावत आली.

"ताई, जळले!"

"गॅस मोठा ठेवला असशील तू," थोरली म्हणाली.

धाकटीने गॅसला हातही लावला नव्हता. तिने तीळ फेकून दिले.

मग हळूहळू माझ्या लक्षात आलं. धाकटी विचारायची, "दाणे किती घेऊ?" थोरली सांगायची, "हो, वाळत घातलेत." बाहेरच्या खोलीतला टीव्ही रोज थोडा मोठा होत होता. दूधवाला दार बडवून बडवून कंटाळायचा आणि शेजारणीकडे दूध ठेवून जायचा. थोरलीचा कान जात होता. तिला कळत होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं, कळत होतं.

पाकाची खबर मला सगळ्यांच्या आधी लागते. कच्चा असतो तेव्हा पाक पाण्यासारखा सरकतो. मग जड होतो, मागून कुणी पदर ओढावा तसा मला ओढतो. नंतर एकदम सुटतो. एके दिवशी तो अजून सुटला नव्हता. थोरलीने गोळी टाकली. थप्प. मी ऐकलं. तिने ऐकलं नाही. कसला तरी अंदाज बांधून तिने दाणे ओतले. मी ओरडलो असतो. लाकडाला वाचा नाही. मूग गिळून ढवळत राहिलो.

चौथ्या दिवशी दुकानदार डबा घेऊन दारात.

"काकू, रागावू नका. एका गिऱ्हाइकाची दाढ वडीत अडकून राहिली. मोजून पाच मिनिटं माणूस बोलू शकला नाही."

"बायको खूश झाली असेल त्याची," धाकटी हसत म्हणाली. तिला ते चेष्टेवारी न्यायचं होतं.

थोरली हसली नाही. "या खेपेचा गूळच वाईट आहे," ती म्हणाली.

दुकानदार गेल्यावर धाकटी जवळ आली. हळू आवाजात बोलली तर ऐकू जाणार नाही, मोठ्याने बोलली तर भांडण वाटणार. बिचारी मधल्याच आवाजात म्हणाली, "ताई, एकदा कान दाखवून येऊ या का?"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या कानाला काय धाड भरलीय? तू नवी होतीस तेव्हा तुला गोळी ऐकायला मी शिकवलं. उद्यापासून तू बाहेर बसून वड्यांना कागद गुंडाळ. कढई मी बघते."

चार दिवस दोघी बोलल्या नाहीत. दोन खोल्यांच्या घरात चार दिवस न बोलणं सोपं नाही. एकमेकींना मीठ हवं असलं तर त्या भिंतीला सांगत होत्या.

पुढचा घाणा थोरलीने एकटीने केला. या वेळी कच्चा राहू द्यायचा नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. गोळी टाकली. टण्! ती थांबली. दुसरी टाकली. टण्! ती अजून वाटच बघत होती. पाक माझ्या अंगाला डसायला लागला. काळा पडला, धूर सुटला. धाकटी आत आली तेव्हा थोरली कढईपाशी नुसती उभी होती. मी तिच्या हातात. इतक्या वर्षांत तिचा पाक कधी जळला नव्हता.

दुकानदाराने निरोप पाठवला. शनिवारी दोन डबे द्या. ते नीट निघाले तर ठीक. नाहीतर कारखान्याचा माल लावतो.

इथे प्रश्न दुकानाचा नव्हता. कढईपाशी कोण उभं राहणार, हा होता. थोरलीकडून पाक गेला म्हणजे तिचं काय राहिलं? आणि माझं तरी काय राहिलं?

शनिवार उजाडला. भाऊ कामावर गेल्याबरोबर दोघी कामाला लागल्या. धाकटी न विचारता आत आली, तिने तीळ भाजले, वेळेवर उतरवले. थोरलीने तिला बाहेर धाडलं नाही. वड्या लाटायच्या फरशीला तूप लावून झालं. गूळ कढईत पडला. मी ढवळायला लागलो.

पाक सरकला. मग जड झाला. मला ओढायला लागला. मी वाट बघत होतो. आणि सुटला.

थोरलीने गोळी टाकली. टण्! नेमक्या वेळी. थोरली ताटलीकडे बघत राहिली. कपाळाला आठ्या. हात पुन्हा पाण्याच्या वाटीकडे वळला, दुसरी गोळी करायला.

धाकटी तिळाची परात घेऊन मागे उभी. बोलली तर चार दिवसांचा अबोला चाळीस दिवसांवर जाणार. न बोलली तर पाक जळणार. तिने हात लांब केला आणि गॅस बंद केला.

"कुणी सांगितलं बंद करायला?" थोरली कडाडली.

"कुणी नाही."

पाक कढईत निवत चालला होता. मी मधोमध उभा. ढवळा, कुणीतरी मला ढवळा! थोरलीने धाकटीच्या तोंडाकडे बघितलं. तिथे विजय नव्हता, कीव नव्हती. रडकुंडीला आलेली घाई होती फक्त.

थोरलीने मान खाली घातली. मग विचारलं, "वाजली?"

असं तिने जन्मात कुणाला विचारलं नव्हतं.

"वाजली, ताई. खणखणीत."

"मग माझं तोंड काय बघतेस? ओत तीळ!"

तीळ पडले. मी असा फिरलो, असा फिरलो, की दांड्यापर्यंत गरम झालो. एकीने लाटलं, एकीने कापलं. थोरलीने एक वडी मोडून बघितली. ती कानाशी नेली नाही. दोन बोटांत कडकन तुटली, तेवढं तिला पुरलं.

संध्याकाळी दुकानदाराने डबा उघडून दारातच एक वडी तोंडात टाकली. "वा! काकू, गूळ बदललात वाटतं?"

"गूळ तोच आहे," थोरली म्हणाली. "कान बदलला." आणि अंगठा धाकटीकडे केला.

मंगळवारी दोघी दवाखान्यात जाऊन आल्या. कानाचं यंत्र मिळायला अजून वेळ आहे. तोवर हात एकीचा, कान दुसरीचा. दर घाण्याला थोरली विचारते, "वाजली?" आता विचारताना मान खाली घालत नाही.

माझी अस्वस्थता इथे संपायला हवी होती. नाही संपली. कारण एक गोष्ट मीही लपवली आहे.

माझ्या तोंडाला आतून चीर गेली आहे. वरून दिसत नाही, गुळाने भरून निघाली आहे. मी रोज कढईत उतरतो आणि रोज धास्ती घेतो, आज कपची सुटेल, आज कुणाच्या तरी वडीत जाईल, आज एखाद्या पोराच्या हिरडीत घुसेल. तरी अंग चोरून राहिलो. खुंटीवर कायमचं टांगून राहायला मला भीती वाटते. थोरलीला हट्टी म्हणायचा मला काय अधिकार?

आज घाणा संपल्यावर धाकटीने मला गरम पाण्यात घातलं. रोज घाईत विसळते, आज सावकाश अंगठा फिरवत होती. गूळ विरघळला. मी अंग ताठ केलं नाही, पाण्यात गिरकी घेऊन निसटलो नाही. तिचा अंगठा चिरेवर आला आणि थांबला.

"ताई, जरा इकडे या," तिने मोठ्याने हाक मारली. "हे बघा."

थोरली हात पुसत आली. तिने मला डाव्या हातात घेतलं आणि उजेडाकडे धरलं.

बघ, बाई. नीट बघ.