वच्छलाच्या पोटातली करणी

इतवारीत रुपरावच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध त्याची बायको वच्छला आडवी पडलेली. तिच्या पोटाला पितळी नळी लावून एक बाबा दुसऱ्या टोकाने चोखत होता. मी त्यांचा शेजारी; धंतोलीच्या डॉक्टर कुसुमताईंना मीच हट्टाने घेऊन आलो होतो.

बाबाने गाल फुगवले, डोळे फिरवले आणि थाळीत थुंकला. केसांचा ओला पुंजका, त्यात भाताची शितं! लोकांनी हात जोडले.

"करणी!" बाबा गरजला. "जिच्या हातचं खाल्लं का पोट फुगते, तिनंच खाऊ घातली!"

सगळे प्रयागबाईकडे वळले. रुपरावची ही विधवा वहिनी. तिची रांधायची पाळी आली की घरात गोळाभात व्हायचा, डाळीचे गोळे घालून वाफवलेला भात. आणि तो खाल्ला की वच्छलाला कळा, जुलाब.

"वहिनी, बोचकं बांधा अन् निंघा," रुपराव म्हणाला.

"भाऊजी, मले माहेर नाही. मी कुठं जाऊ?"

कुसुमताई पुढे झाल्या. "बाबा, अजून करणी असेल. काढा. पण आधी चूळ भरा."

"चूळ भरली का सिद्धी जाते!"

गर्दीतल्या पार्वतीबाईंनी पाण्याचा तांब्याच पुढे केला. "भरा ना जी! काहून भिऊन राहिले?"

बाबा उठून पळू लागला. रुपरावने त्याचा जबडा धरला, तर गालातून दुसरा पुंजका पडला. पुढच्या रोग्यासाठी तोंडात भिजत ठेवलेला. शी!

"पण याच्यानं लोकायले आराम पडते," रुपराव पुटपुटला.

"पथ्य काय देतो?" कुसुमताईंनी विचारलं.

"मऊ भात. डाळ, कांदा बंद."

"मग आराम पथ्याने पडतो. डाळ-कांद्यातलं जे पचत नाही, ते आतड्यातले जंतू आंबवतात, वायू धरतो. ते सगळ्यांच्याच पोटात होतं. हिचं आतडं हळवं, म्हणून हिला सोसत नाही. पटत नसेल तर हिलाच गोळाभात रांधू दे."

पुढच्या आठवड्यात वच्छलाने तो स्वतः रांधला, स्वतः खाल्ला आणि रात्रभर कळवळली. नंतर प्रयागबाईच्या हातचा मऊ भात खाऊन शांत झोपली.

प्रयागबाई घरातच राहिली. तिची माफी मागायला मात्र त्या गर्दीतलं कोणी आलं नाही, आणि मला त्या थुंकीपेक्षा याचीच जास्त किळस येते. पोट दुखलं तर काय खाल्लं ते आधी बघा, डॉक्टरला विचारा. रांधणाऱ्या बाईला घराबाहेर काढू नका.