सासूच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी

“एकदा बोल ना तोंडानं, सोडलं येशूला! मग भर तुझा हंडा. खोटं बोल पायजे तर. तुझ्या येशूला कोण सांगायला जातंय?”

असं रखमा विहिरीवर माझ्या मालकिणीला वरडली आन मला लाथ मारली. मी पायऱ्यांवरनं गडगडत खाली. तो पोचा अजून माझ्या पोटाला हाय.

मित्रांनो, मी ॲल्युमिनियमचा हंडा हाय, आता जुना झालो. बोईसरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर लटकलेला होतो. सोमीनं मला टिचकी मारली, कान लावला आन दुकानदाराला बोलली, “हा घुमतो. हाच दे.” मला वाटलं, काय बाई हाय, पाणी भरणार का गाणं बोलणार? पुढं दोन्ही केलं तिनं.

आमचा पाडा डोंगराकडं. नळ आलाय, पाणी नाय. म्हणून विहीर. सोमी आन रखमा, दोघी जावा, रोज बरोबर यायच्या. रखमाचा नवरा सुका, म्हणजे सोमीचा थोरला दीर. सासू त्यांच्याकडं. सोमीचा नवरा देवू तापानं गेला, तेव्हापासून घरात ती, पोरगी सपना आन मी.

देवू गेल्यावर सोमीचं हसणंच बंद झालं. मग कंपनीत पॅकिंगला तिच्या शेजारी बसणारी सोजराबाई तिला रविवारी प्रार्थनेला घेऊन गेली. तिथं काय झालं, मला काय माहीत? मी घरी पालथा पडलेलो. पण सोमी परत आली ती गुणगुणत. मग सपना माझ्या बुडावर बोटांनी ठेका धरायची, आन आई गायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आता गप बसली असती तर चाललं असतं. घरात बसून कोण काय गातं, कोण विचारणार? पण नाय. विहिरीवर सगळ्या बायांसमोर सांगितलं, “मी येशूची झाली.”

“काय गं,” रखमा बोलली, “तुझा येशू हंडा उचलतो काय?”

“उचलत नाय. बरोबर चालतो.”

“मग त्याला बोल, दोरी तरी ओढ!”

सगळ्या हसल्या. सोमी पण.

हे हसणं गावदेवाच्या पूजेपर्यंत टिकलं. देवाला आंघोळ घालायला आमच्याकडं प्रत्येक घरातनं एक हंडा पाणी जातं. सोमी मला घेऊन गेली नाय. बोलली, “मनात नाय ते डोक्यावर घेऊन कशी येऊ?” सुकाचं तोंड उतरलं. तो वाईट नाय. देवू गेला तेव्हा बारक्या पोरासारखा रडलेला मी बघितलाय. भ्यायला तो. एक घर सुटलं, आता देव सगळ्या पाड्यावर राग काढणार. “देव नको आमचा, तर पाणी कशाला आमचं?” बोलला. झालं, पाड्यानं आमाला विहीर बंद केली.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी रखमानं लाथ मारली. मला जाम राग आला. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला तिची जोडीदारीण पायजे होती, बस. सोमीनं मला उचललं. “खोटं बोलून भरलेलं पाणी मला गिळवणार नाय, रखमा.”

तेव्हापासून आमी लांबच्या ओहोळावर जातो. वाळू उकरायची, पाणी साठायची वाट बघायची, वाटीवाटीनं भरायचं. येताना वाट विहिरीवरनंच. सोमी रोज बोलते, “जाते गं.” रखमा पाठ करून उभी.

आज सकाळी सासू गेली. मढ्याच्या आंघोळीला प्रत्येक सून आपला हंडा आणते, ही आमची रीत. सोमीला कोणी सांगावा धाडला नाय. तरी ती ओहोळावरनं मला भरून निघाली.

अंगणात सुका आडवा आला. “गावदेवाला दिलं नाय, आन माझ्या आईला देतेस?”

“देवाला मनातनं देता येत नव्हतं, दादा. आईला देता येतं.”

“मग बोल आत्ता तिच्यासमोर. सोडलं बोल, आन घाल आंघोळ.”

सोमीनं दारातनं आत बघितलं, माझ्यातलं पाणी हललं. आत निजलेल्या त्या म्हातारीनं सोमीच्या बाळंतपणात तिला रोज न्हाऊ घातलेलं. मला वाटलं, बोल बाई, आजच्या दिवस बोल.

“येशू माझा हाय,” सोमी बोलली, पार मागच्या माणसांना ऐकू जाईल असं. “आन आई पण माझीच हाय.”

सुकानं मला तिच्या डोक्यावरनं ओढलं आन ओतलं. सगळं. अंगणात चिखल झाला, कोंबड्या पळाल्या. रखमा दारात हळदीची वाटी घेऊन उभी.

मित्रांनो, मी भांडं हाय, मला देवातलं कळत नाय. एवढंच कळतं, ते पाणी एका म्हातारीसाठी आणलेलं. माझ्या पोच्यांचं सोडा. कोणी मायेनं आणलेलं पाणी मातीत ओतू नका.

मढं अजून उचललेलं नाय. सोमीनं मला पदरानं पुसलंय आन परत भरायला ओहोळाकडं तोंड केलंय. रखमा ओट्यावरनं खाली उतरली, आमच्याबरोबर येते काय ते बघत थांबायला वेळ नाय. मला जायला पायजे.