टांटाच्या खालची ओळ

"मेंढ्या आल्या!" यूसुफने दारातूनच आरोळी ठोकली. "पहिलं पान, वरची बाजू, चार कॉलम. विश्वास, तुझ्या मुलीला माझा शुक्रान सांग. आमची ईद वेळेवर पाठवली."

परदेशाचं पान बघणारा विश्वास मान वर न करता हसला. बकरी ईद जवळ आली की ऑस्ट्रेलियाहून मेंढ्यांचं जहाज कुवेतच्या शुवैख बंदराला लागायचं आणि वृत्तसंपादक यूसुफ दर वर्षी हाच विनोद करायचा. यंदा मात्र त्याने पुढे भर घातली.

"विचार कर, या मेंढ्यांनी तुझ्या मुलीला तुझ्यापेक्षा अलीकडे पाहिलंय."

कोपऱ्यात पानं लावणारा जयप्रकाश खो खो हसला. विश्वासही हसला, पण जरा उशिरा.

शहराच्या राई नावाच्या भागात, गोदामांच्या रांगेत या इंग्रजी दैनिकाची कचेरी होती. बाजूला गॅरेज, समोर टाइल्सची शोरूम. नाशिकच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासणारा विश्वास तरुणपणी इथे आला आणि इथेच त्याचे केस पांढरे झाले. काम तेच, जगभरातून एजन्सीवर येणाऱ्या बातम्यांचा ढीग उपसायचा आणि कुवेतच्या वाचकाला लागेल तेवढाच कापून पानात बसवायचा. कोणती बातमी लागेल हे ठरवायला यूसुफचा एक प्रश्न पुरे व्हायचा: "आपलं कोणी?" इजिप्शियन, भारतीय, फिलिपिनो, बंगाली, म्हणजे पेपर विकत घेणाऱ्यांपैकी कोणी तिथे मेलं, अडकलं किंवा जिंकलं आहे का? नसेल, तर बातमी कापून तीन ओळींत.

या हिशेबाने ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला फारसं काही येत नसे. मेंढ्या, शार्क, अंगणात शिरलेली मगर, क्रिकेट. कौमुदी तिकडे नोकरीला गेल्यापासून विश्वास रोज एजन्सीच्या यादीत एक नाव शोधायचा, कॅरनडेल. मेलबर्नपासून तीन तासांवरचं गाव, एक रस्ता, एक लहानसं हॉस्पिटल आणि त्यात नर्स असलेली त्याची मुलगी. ते नाव यादीत कधीच आलं नव्हतं.

"बाबा, तुमच्या पेपरावरून वाटतं आमच्या बाथरूममध्ये मगरी आहेत," कौमुदी फोनवर म्हणायची.

"मग तुमच्या पेपरात काय असतं?"

"काही नाही! कुणाचा कुत्रा हरवला, बागेला पाणी कधी घालायचं, बोलिंग क्लबचं जेवण. कुवेत मात्र असतं कधीकधी. वाळू आणि रणगाडा. मी हॉस्पिटलमध्ये सांगते, अगं बायांनो, आमच्या मंगफला समुद्र आहे, इडली मिळते. कोणाला पटत नाही."

"तो कुत्रा सापडला का?"

"बाबा, तुम्ही इथे याच. आईला पण आणा. इथं काहीही घडत नाही, तुम्हाला खूप आवडेल."

येऊ, येऊ, असं तो म्हणायचा. दर वर्षीची सुट्टी नाशिकला अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी जायची. निवृत्तीनंतर जाऊ, असं त्याचं आणि बायकोचं, राजश्रीचं, ठरलेलं होतं.

त्या दुपारी मेंढ्यांचा फोटो पहिल्या पानावर चढला आणि विश्वास आपल्या यादीकडे वळला. तिथे कॅरनडेल होतं.

इतकी वर्षं ज्या नावाची वाट पाहिली ते मथळ्यात होतं. रानातला वणवा वाऱ्याने गावात शिरला. चार मृत, नावं कळलेली नाहीत. बहुतेक रहिवाशांना सभागृहात हलवलं आहे. फोनचे मनोरे जळाले आहेत.

त्याने फोन उचलला. तिकडे काहीच वाजलं नाही, नुसती पोकळ शांतता. पुन्हा लावला. मग मंगफच्या दवाखान्यात राजश्रीला लावला.

"अहो, लागत नाहीये म्हणजे लाइनच गेली असेल," राजश्री म्हणाली. तीही नर्स होती आणि पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचा तिचा आवाज वेगळा असायचा. आता तिने तोच लावला होता. "तुम्ही जेवलात का?"

"हो."

"खोटं बोलताय. डबा उघडा आधी."

यूसुफ हातात कागद घेऊन आला. "ऑस्ट्रेलियात आग आहे म्हणे. आपलं कोणी?"

सवयीने विचारलेला प्रश्न होता. विश्वासने पडद्याकडे बोट केलं. यूसुफने पडद्यावरचं नाव वाचलं, आणि शेजारची खुर्ची ओढून बसला.

"या अखी, भावा," तो हळूच म्हणाला, "घरी जा. पान मी बघतो."

"घरी फोन आहे, बातमी नाही. बातमी इथे येणार."

"मग मोठी लाव. पाहिजे तेवढी जागा घे."

"नको. दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर केवढी लावली असती?"

यूसुफने दाढी खाजवली. "सहा ओळी. आणि तो फोटो."

फोटोत आगीचा बंबवाला एका कोआलाला बाटलीने पाणी पाजत होता. एजन्सीने गावाचा म्हणून एवढा एकच पाठवला होता. विश्वासने तो मोठा करून कोपरे पाहिले. मागे धूर, एक कुंपण, एका गाडीचं चाक. माणूस नव्हता.

तो बातमी कापायला बसला. वाऱ्याचा वेग गेला, मंत्र्याचं निवेदन गेलं. शेवटची ओळ एका शब्दाने लांबत होती. 'बहुतेक रहिवाशांना सभागृहात हलवलं आहे.' त्यातला 'बहुतेक' काढला की ओळ नेमकी बसत होती.

पंधरा वर्षांपूर्वी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा राजश्री आणि कौमुदी सुट्टीसाठी नाशिकला होत्या आणि तो इथे अडकला होता. अम्मानमार्गे हाडकुळा होऊन घरी पोचला, तेव्हा अकरा वर्षांची कौमुदी त्याला बिलगली नव्हती. दारात उभी राहून बघत होती. रात्री जेवताना म्हणाली, "पेपरात रोज लिहायचे, कुवेतमधले भारतीय सुखरूप. मी आईला विचारायचे, यात बाबा धरलेत का? आई म्हणायची, धरलेत. पण तिला तरी काय माहीत?"

विश्वासने 'बहुतेक' ठेवला आणि वरच्या ओळीतलं गावाच्या लोकसंख्येचं वाक्य काढलं. मग जयप्रकाशला म्हणाला, "ले लो."

"फोटो तीन कॉलम दादा?"

"तीन कॉलम."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करत असताना फोन वाजला. राजश्रीने धावत जाऊन उचलला आणि नुसती "अगं... अगं..." करत राहिली. त्याने तोंडावरचा फेस तसाच ठेवून रिसीव्हर घेतला.

"बाबा, मी ठीक आहे. पेशंट हलवत होतो दोन दिवस. हा फोन एका आर्मीवाल्याचा आहे, लवकर बोला."

"घर?"

"आहे. शेजारचं नाही." ती थांबली. "जून गेली, बाबा. ती कुत्रा हरवलेली आजी. कुत्र्यासाठी परत आत गेली." मग नाक ओढून म्हणाली, "तुमच्याकडे काय आलं पेपरात?"

"कोआला."

पलीकडून हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. तो ऐकत राहिला. रिसीव्हरला साबण लागला होता.

"वारा फिरला तर अजून भीती आहे," ती जाताना म्हणाली. "पाऊस पडू दे म्हणावं."

त्यानंतर कॅरनडेल यादीतून नाहीसं झालं. वणव्याची बातमी संपली होती. मगर परतली, क्रिकेट परतलं. कौमुदीचा फोन कधी लागायचा, कधी नाही. विश्वास कामाआधी संगणकावर त्या गावाचं हवामान शोधून काढायचा, वारा कुठला, ढग आहेत का. एका संध्याकाळी तो यूसुफच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

नवव्या पानाच्या तळाला जगाच्या हवामानाची चौकट असायची. कैरो, अम्मान, ढाका, मनिला, कोची, मुंबई. इथेही नियम तोच होता, वाचकांची माणसं जिथे, तिथलं हवामान. अपवाद एकच, टांटा. कैरो असताना टांटा कशाला, असं कोणी विचारलं की यूसुफ गरजायचा, "टांटा म्हणजे इजिप्तचं काळीज!" त्याची आई तिथे राहायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या रमजानात ती गेली, तेव्हा विश्वास त्याच्या घरी जाऊन दुखवट्याची कडू कॉफी पिऊन आला होता.

"चौकटीत एक गाव घालायचंय," विश्वास म्हणाला.

यूसुफने चष्मा काढला. "तिथे आपल्या किती वाचकांची माणसं आहेत?"

"दोन वाचक. मी आणि माझी बायको."

"ती पेपर वाचते?"

"आता वाचेल."

यूसुफ हसला नाही. "चौकटीत जागा नाही, तुला माहीत आहे. खाली जाहिरात आहे." थोडा वेळ तो चष्म्याची काडी उघडमीट करत राहिला. "टांटा काढ."

"यूसुफ..."

"काढ. रोज सकाळी पेपर आला की मी आधी ती ओळ बघतो. थंडी लिहिलेली असली की वाटतं, शाल घेतली असेल ना तिने." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि समोरचा कागद उगाच सरळ केला. "खलास. तुझं गाव घाल."

विश्वास जयप्रकाशच्या मागे जाऊन उभा राहिला. बाहेर मगरिबची अजान झाली होती, पान सोडायची वेळ आली होती. जयप्रकाशने टांटाच्या ओळीवर कर्सर नेला. त्या दिवशी टांटाला किमान आठ अंश होतं.

"उड़ा दूँ, दादा?"

"नहीं. उसके नीचे नयी लाइन डालो. कॅरनडेल."

"जगह कहाँ है? नीचे सोफ़ेवाले का इश्तिहार है, एक सूत भी नहीं छोड़ेगा."

"पूरे चौकट का टाइप आधा पॉइंट छोटा करो. सब आ जाएँगे."

जयप्रकाशने करून पाहिलं. कैरो, मनिला, मुंबई सगळी जराजराशी आक्रसली आणि टांटाच्या खाली एक ओळ उघडली. त्याने डोळे बारीक केले. "इतना छोटा कौन पढ़ेगा, दादा?"

विश्वासने कोट उचलला. "जिनको पढ़ना है, वो पढ़ लेंगे," तो म्हणाला, आणि वाकून त्याने नव्या ओळीतले आकडे पुन्हा एकदा तपासले. एकोणीस अंश. दक्षिणेचा वारा. सरी.